मोटर बंद पडते ती जागा

१

दाजींची मोटर पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. नोकरी पाणीपुरवठा खात्यात. रोज सकाळी पत्र्याच्या छोट्या बोटीतून तलावावर फिरायचं, ठरलेल्या जागी थांबून पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे आणि ते पंपघराच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायचे. बोटीच्या मागच्या फळीला स्क्रूनं आवळलेली एक लहानशी मोटर. दोरी ओढून सुरू करायची, हँडल धरून वळवायची, इतकी साधी. माझं वर्कशॉप तलावाच्या काठालाच आहे. गवत कापायची यंत्रं, पाण्याचे पंप, जनरेटर आणि असल्या बोटीच्या मोटरी, जे येईल ते मी दुरुस्त करतो.

त्या दिवशी दाजींनी मोटर खांद्यावरून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, पेशंट बघा," ते म्हणाले. मला ते कायम डॉक्टरच म्हणतात. "मधेच मान टाकते."

"म्हणजे कशी? खोकत खोकत बंद पडते की एकदम?"

"एकदम. दिवा घालवावा तशी."

खोकत बंद पडली तर दोष बहुधा पेट्रोलचा. एकदम पडली तर ठिणगीचा. मी प्लग काढून बघितला. रंग छान चॉकलेटी, फट बरोबर. प्लग टोपीत घालून मोटरच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली, निळी ठिणगी टच्चकन उडाली. मग पाण्यानं भरलेल्या पिंपात मोटर लावली आणि सुरू केली. दाजींचा चहा झाला, माझा झाला, जेवायची वेळ झाली. मोटर आपली एका सुरात चालूच.

"हिला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"तुझ्यासमोर शहाण्यासारखी वागते," दाजी म्हणाले. "माझ्यासमोर नाटकं. घरचीच सवय लागलीय तिला."

ताईला हे कळलं असतं तर दाजींना रात्रीचं जेवण मिळालं नसतं.

२

दोन दिवसांत ती परत आली. या वेळी दाजींनी चेष्टा केली नाही.

मोटर बंद पडत होती ती तलावाच्या मधोमध, पाण्यात उभा असलेला दगडी मनोरा आणि पंपघर यांच्या मधल्या उघड्या पाण्यात. इकडेतिकडे कुठे नाही. बंद पडली की वारा बोटीला हळूहळू सांडव्याकडे ढकलायचा, आणि त्या दिवसांत तलाव भरलेला असल्यानं सांडव्याची दारं उघडी होती. दाजींना वल्ही मारून बोट सावरावी लागली होती. त्यांच्या तळहातांना फोड आले होते. पोहायला त्यांना येत नाही. पाण्यावरची नोकरी इतकी वर्षं त्यांनी लाइफ जॅकेटच्या भरवशावर केली.

ताई सोबत आली होती. ती वर्कशॉपमध्ये सहसा येत नाही, ग्रीसचा वास तिला सहन होत नाही.

"तू नीट बघत का नाहीस रे?" ती म्हणाली. "घरचं काम म्हणून वरवर करतोस. बाहेरच्या माणसाचं असतं तर उघडून ठेवली असतीस."

"ताई, चालू असलेल्या मोटरमधला दोष शोधायचा कसा? दुखत नसलेला दात काढायला सांगतेस."

तरी मी ती पूर्ण उघडली. कधी कधी इग्निशनची कॉइल गरम झाल्यावर दगा देते, थंड झाली की पुन्हा साळसूद. मी कॉइल बदलली. प्लगची वायर बदलली, टोपी बदलली. फ्लायव्हील उतरवून खालच्या सगळ्या जोडण्या घासून घेतल्या. मीटर लावून प्रत्येक तार मोजली. सगळे आकडे जसे हवेत तसे. काम संपवून मी हात धुतले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दाजींचा पाण्यावरूनच फोन आला.

"पडली," ते म्हणाले. मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "तिथंच."

३

मग मी त्यांच्यासोबत गेलो. सकाळ छान होती, ऊन कोवळं, पाणी सपाट. दाजी हँडल धरून मागे बसले, मी पुढच्या फळीवर त्यांच्याकडे तोंड करून. मला मोटर डोळ्यांसमोर हवी होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. असल्या मोटरीला हँडलजवळ एक स्विच असतो. त्या स्विचच्या बटणाखाली लाल क्लिप अडकवलेली असते. क्लिपला जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळ्यांची लाल दोरी, आणि दोरीच्या टोकाला मनगटात घालायचा फास. चालवणारा पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, क्लिप निघते, ठिणगी तुटते आणि मोटर थांबते. नाहीतर माणूस पाण्यात आणि बोट आपली पुढे.

दाजी ती दोरी मनगटात घालत नव्हते. क्लिप लावायचे, कारण त्याशिवाय मोटर सुरूच होत नाही, आणि दोरी हँडलवर टाकून द्यायचे.

"मी काय लहान मूल आहे का बांधून ठेवायला?" ते म्हणाले.

मनोरा मागे पडला. दाजी बोलायचे थांबले. मी मोटरकडे बघत होतो, अगदी डोळे लावून, आणि तरी मला ते दिसलं नाही. एवढंच कळलं, की आवाज होता आणि आता नाही. बोट थोडी पुढे सरकत गेली आणि थांबली. पाणी पत्र्यावर चुळुकचुळुक आपटायला लागलं.

"बघ," दाजी हळू म्हणाले.

क्लिप निघाली होती. दोरी फळीवरून मागे, पाण्यात लोंबत होती.

मला हसूच आलं. इतक्या दिवसांचं कोडं आणि उत्तर हे! "दाजी, तुमचा कोपर लागतो दोरीला. ती खाली पडते, पाणी तिला ओढतं आणि क्लिप निघते. कॉइल बदलली मी, कॉइल!"

"माझा हात लागला नाही."

"लागला असेल, कळत नाही."

मी दोरी ओढून वर घेतली. तिच्या टोकाचा फास आवळलेला होता. तो सरकवून लहानमोठा करता येतो. मी स्वतः काल तो सैल करून, चांगला मोठा करून ठेवला होता. आता तो इतका लहान झाला होता, की माझी चार बोटं एकत्र करून कशीबशी आत गेली. कुणीतरी आपल्या मनगटाला बेतून घ्यावा तसा. फक्त ते मनगट फार बारीक.

पाण्याच्या ओढीनं आवळला, मी स्वतःला सांगितलं. मग फास सैल केला, दोरी पायाखाली धरली आणि क्लिप लावली. एका ओढीत मोटर सुरू झाली. परत येईपर्यंत कुठेही थांबली नाही.

४

मी नवा स्विच बसवला, कडक स्प्रिंगचा. नवी क्लिप, नवी दोरी. दाजींना बजावलं, की दोरी मनगटात घालूनच चालवायची. त्यांनी ऐकलं.

त्या दिवशी ते परत आले ते सरळ माझ्याकडे. उजवी बाही वर करून त्यांनी मनगट दाखवलं. दोरी जिथं होती तिथं लालभडक वळ उठला होता.

"ओढलं," ते म्हणाले. "मी जागचा हललो नाही. आणि डॉक्टर, ओढ मोटरकडून नव्हती. मागून होती. पाण्याकडून."

"दोरी पंख्यात अडकली असेल."

"अडकली असती तर तुटली असती. ही बघ तुझी दोरी."

दोरीला ओरखडासुद्धा नव्हता. मी ती उन्हात धरून बघितली, वेटोळ्यांमधून बोट फिरवलं. मला कुठे तरी एक खरचटलेली जागा हवी होती. तेवढ्यावर माझं समाधान झालं असतं.

संध्याकाळी मी पंपघराच्या म्हाताऱ्या वॉचमनकडे गेलो आणि गप्पांच्या ओघात विचारलं, त्या मधल्या पाण्यात कधी कुणी बुडालं होतं का. तो माझ्याकडे बघत राहिला.

"कुणी नाही," तो म्हणाला. "तलाव बांधला तेव्हापासून मी इथं आहे. सांडव्यावर दोन अपघात झाले, पण ती माणसं वाचली. का?"

"सहज."

घरी जाताना मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुणीतरी बुडालं होतं असं तो म्हणाला असता, तर निदान त्या गोष्टीला धरायला एखादी मूठ मिळाली असती.

५

दोन दिवसांनी दाजी पुन्हा सांडव्याच्या जवळ जाऊन अडकले. या वेळी जोराचा वारा होता. पंपघरातल्या लोकांनी दोर फेकून त्यांना ओढून घेतलं. ताई वर्कशॉपमध्ये येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. तिला मी रडताना फार वेळा बघितलेलं नाही. आई गेली तेव्हा एकदा.

"तुला जमत नसेल तर तसं सांग," ती म्हणाली. "आम्ही दुसरीकडे दाखवू. पण मला रोज सकाळी असं काठावर कान लावून बसायला लावू नकोस."

"उद्यापासून बंद पडणार नाही," मी म्हणालो. "शब्द देतो."

कारण उपाय अगदी सोपा होता, आणि मी तो चांगला कारागीर म्हणून टाळत आलो होतो. स्विचकडून इग्निशनच्या डबीकडे एक काळी तार जाते. क्लिप निघाली, की याच तारेतून ठिणगी बंद केली जाते. ती तारच कापली, तर क्लिप असो नसो, बटण दाबा नाहीतर न दाबा, मोटरला थांब म्हणणारं कुणी उरत नाही. थांबवायची तर चोक ओढून तिचा श्वास कोंडायचा. हे करू नये, धोक्याचं असतं. पण उघड्या सांडव्यापेक्षा कमी धोक्याचं.

मी तार कापली, टोकाला पट्टी गुंडाळली. पिंपात मोटर सुरू करून क्लिप काढली. मोटर चालूच. बटण दाबलं. चालूच. ताई दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

"एवढंच."

६

दुसऱ्या दिवशी बोट मी चालवली. दाजी पुढच्या फळीवर, मांडीवर बाटल्यांचा क्रेट घेऊन बसले. वारा नव्हता. दोरीची गरज नव्हती, तरी सवयीनं मी क्लिप लावली आणि दोरी गुंडाळून हँडलवर ठेवली.

मनोरा गेला. ती जागा आली. मोटरचा आवाज जराही हलला नाही. आम्ही पुढे गेलो, बरेच पुढे गेलो, पंपघराच्या खिडक्या मोजता येतील इतके. दाजींनी क्रेट खाली ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"डॉक्टर!" ते म्हणाले. "मानलं तुम्हाला."

मी हसलो. आणि हसता हसता मला जाणवलं, की हँडल माझ्या हातात जड झालंय. बोट एका अंगाला ओढत होती. मी ते सरळ केलं, ती पुन्हा ओढायला लागली. मागची फळी नेहमीपेक्षा खाली बसली होती.

दाजींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते.

मी वळलो. क्लिप केव्हाच निघाली होती आणि हँडलच्या खोबणीत आडवी अडकली होती. तिच्यापासून दोरी फळीवरून मागे पाण्यात गेली होती. तिची सगळी वेटोळी उलगडली होती. ती सरळ, ताठ, तारेसारखी ताणलेली होती आणि थरथरत होती. पाण्यात नुसत्या दोरीला असा ताण येत नाही. बोट काहीतरी ओढत होती.

"थांबव," दाजी म्हणाले.

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग आठवलं.

"थांबव! अरे थांबव रे त्याला!"

त्याला, असं ते म्हणाले. मोटरला कुणी 'त्याला' म्हणत नाही. मी चोक शोधत होतो, माझी बोटं घामानं सटकत होती. चोक सापडला, मी तो ओढून धरला. मोटर गुदमरली, खाकरली, काळा धूर सोडला आणि थांबली.

शांतता इतकी होती, की पंपघराकडून कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

दोरी हळूहळू सैल झाली. वेटोळी एकेक करून पुन्हा मिटली. मग मागची फळी जराशी खाली गेली, दमलेला पोहणारा काठाला हात टेकतो तेव्हा जाते तशी. फळीच्या पलीकडे, पाण्याच्या जेमतेम खाली, काहीतरी फिकट होतं. मला ते कपाळ वाटलं. मी लगेच मान फिरवली. ते कपाळच होतं असं मी कुणाला शपथेवर सांगू शकणार नाही. ढगाचं प्रतिबिंब असेल, असंही मला सांगता येत नाही, कारण आभाळ कोरं होतं.

दाजींनी मान फिरवली नाही. ते बघत राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मी क्रेटमधल्या बाटल्यांच्या झाकणांकडे बघत होतो. फळी पुन्हा वर आली, तेव्हा दाजींनी वल्ही उचलली.

बोट बांधून झाल्यावर ते म्हणाले, "ती तार जोड."

"दाजी, ते जे काही होतं..."

"मनोऱ्यापासून पंपघरापर्यंत," ते म्हणाले. "तेवढं अंतर ओढत नेलं आपण. तोंडात पाणी जात होतं त्याच्या. आजच जोड."

मी त्याच दुपारी तार जोडली. कथिलाचा डाग दिला, पट्टी गुंडाळली, मीटरनं दोनदा तपासली. डाग चांगला बसला.

७

त्यानंतर दाजींनी तक्रार केली नाही. ते रोज जातात. मोटर रोज तिथं थांबते. माझ्या वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून तो भाग दिसत नाही, मधे टेकाड आहे, पण आवाज येतो. आवाज तुटतो, काही वेळ काहीच नसतं, मग पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या दिवसांत तो मधला वेळ अगदी थोडा असायचा. हल्ली मला दोनदोनदा खिडकीशी जावं लागतं.

एकदा मी त्यांना म्हणालो, की दुसऱ्या विभागात बदली मागा. काठावरचं काम बघा काहीतरी.

"का?" ते म्हणाले. "तो थांबायला सांगतो, मी थांबतो. त्यात काय एवढं."

त्यांची तब्येत चांगली आहे. जेवतात, ताईशी भांडतात, मला डॉक्टर म्हणतात. सांडव्याची दारं आता बंद झाली आहेत, वारा आला तरी धोका नाही. मी स्वतःला हे सगळं रोज सांगतो.

गेल्या आठवड्यात ताई आली. स्टुलावर बसली, पदरानं नाक झाकून.

"त्यांना फार उशीर होतो रे," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतात, मोटर बंद पडते. तू मधे काहीतरी केलं होतंस ना? एक दिवस छान चालली होती बघ. तसंच कर की परत."

तार कापायची कात्री माझ्यासमोर टेबलावर पडली होती.

"तसं नाही करता येत, ताई."

"का नाही? तेव्हा केलंस."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता नाही जमणार."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोललो, की तिला लहानपणापासून कळतं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिकडे आवाज तुटला.

मी एक कार्ब्युरेटर उचलला आणि पुसायला लागलो. तो मी सकाळीच पुसला होता. ताई दाराच्या चौकटीकडे बघत होती. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. पिंपावर माशी घोंगावत राहिली. मी कार्ब्युरेटर ठेवला, पुन्हा उचलला.

मग मोटर सुरू झाली.

"पहिल्याच ओढीला लागली," ताई सुस्कारा टाकून म्हणाली. "चांगली आहे की मोटर."

"चांगलीच आहे."

ती उठली आणि धक्क्याकडे उतरायला लागली. मी तिच्या मागून दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. पाण्यावरून आवाज जवळ येत होता. मोटरवर वजन पडलं, की तिचा सूर खाली उतरतो, दम लागल्यासारखा होतो. मी इतकी वर्षं हेच ऐकत आलोय. डोळे मिटून सांगू शकतो, बोटीत किती जण आहेत. सकाळी दाजी निघाले तेव्हा एकटे होते. येताना सूर खाली होता.

ताईला हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारायची, ते सुचलं नाही.

टेकाडाच्या आडून बोट बाहेर आली. ऊन पाण्यावर चमकत होतं, त्यामुळे नीट दिसत नव्हतं. दाजी मागे बसले होते, एक हात हँडलवर. दुसरा हात त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर आडवा धरला होता, खांद्याच्या उंचीला, एखाद्या थकलेल्या माणसाचा तोल जाऊ नये म्हणून आपण धरतो तसा.

धक्क्यावरून ताईनं हात वर केला आणि हलवला. दाजींनी नेहमीसारखा हात हलवला नाही. तो हात त्यांना सोडवता येत नव्हता.

ताईचा हात वरच राहिला. मग ती हळूच एक पाऊल मागे सरकली, कुणीतरी उतरणार असलं की आपण जागा करून देतो तशी.